ओल्या गवताचा वैरी

आमच्या मुकादमाचं या जगात एकाच गोष्टीशी वैर होतं, आणि ती गोष्ट म्हणजे ओलं गवत. साप, बिबट्या, फॉरेस्टचा गार्ड, शेठचा मुंबईचा मेहुणा, खुद्द मुकादमीण, या सगळ्यांशी त्याचं कधी ना कधी जमत असे. ओल्या गवताशी मात्र शेवटपर्यंत तह झाला नाही. शहापूरहून आसनगाव स्टेशनाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका शेठची गवताची वखार होती. पन्नास साल उलटून दोन-तीन वर्षं झाली होती, तेव्हा मी तिथे कारकून म्हणून लागलो. मॅट्रिक पास, वय बावीस, अक्षर वळणदार, आणि गवत म्हणजे गुरं खातात ते, एवढंच ज्ञान. पहिल्याच सकाळी एक काळा, शिडशिडीत, गुडघ्यावर धोतर नेसलेला माणूस माझ्या टेबलापाशी आला. ओठात विडी होती, ती पेटलेली नव्हती. त्यानं माझं उजवं मनगट धरलं, मला ओढत गाठींच्या थप्पीपाशी नेलं आणि तारेनं आवळलेल्या एका गाठीत माझा हात कोपरापर्यंत खुपसला.

"काय लागतं?"

"टोचतंय," मी म्हणालो.

"टोचतंय ना? मग बरं हाय. ज्या दिवशी टोचायचं बंद होईल त्या दिवशी मला हाक मारायची. मी कुठं का असंना."

एवढं सांगून तो गेला. माझ्या हातावर कोपरापर्यंत लाल रेघा उठल्या होत्या. पुढली दहा-बारा वर्षं त्या रेघा दर हिवाळ्यात उठत राहिल्या, आणि त्यांची मला इतकी सवय झाली की लग्नात बायकोनं पहिल्यांदा माझा हात पाहिला तेव्हा तिला वाटलं, नवऱ्याला खरूज आहे.

मुकादम ही त्याची नेमणूक नव्हती. शेठच्या कागदावर तो गाठी दाबायच्या प्रेसवरचा मजूर होता. पण सगळे त्याला मुकादम म्हणत, शेठही म्हणे, आणि ही पदवी कोणी दिली असं विचारलं तर तो गवताच्या गंजीकडे बोट दाखवी. वयानं माझ्या दुप्पट. तरी मी त्याला 'अरे मुकादम' म्हणायचो आणि तो मला 'भाऊसाहेब, तुमी' म्हणायचा. तो गावाबाहेरच्या वाडीतला, मी गावातला. तेव्हाची ती रीतच होती, आणि आज ती कागदावर उतरवताना माझी मान वर होत नाही. एक सवलत मात्र त्यानं आपणहून घेतली होती. गाठीत हात असला की मी 'तू' व्हायचो. हात बाहेर काढला की पुन्हा भाऊसाहेब.

त्या विडीचं आधी सांगतो, कारण पुढे सगळं तिच्यापाशीच येणार आहे. सकाळी वखारीत पाऊल टाकताना तो कंबरेच्या पिशवीतून एक विडी काढून ओठात धरी. दिवसभर ती तिथेच. बोलताना वरखाली होई, रागावला की सरळ उभी राही, गवत हुंगताना डावीकडच्या कोपऱ्यात सरके. संध्याकाळी काम सुटलं की हा माणूस वखारीची हद्द ओलांडून समोरच्या चहावाल्याच्या चुलीपाशी जाई, तिथल्या निखाऱ्यावर ती भिजून चिंब झालेली विडी कशीबशी पेटवी, आणि दोन झुरके घेऊन टाकून देई. काडेपेटी त्यानं कधी अंगावर बाळगली नाही. दुसऱ्यालाही बाळगू दिली नाही. वखारीच्या दारात तो गाडीवानांचे खिसे चाचपी, पाटलांचे चाचपी, एकदा तर चौकशीला आलेल्या फौजदाराचे चाचपले. शेठचा मुंबईचा मेहुणा एकदा सोनेरी लायटर घेऊन आला. त्यानं गंजीपाशी उभं राहून सिगारेट तोंडात धरली मात्र, मुकादमानं लायटर त्याच्या बोटांतून अलगद काढून घेतला, उन्हात फिरवून त्याचं कौतुक केलं, आणि पाण्याच्या पिंपात सोडून दिला. मेहुणा लाल झाला. मुकादम म्हणाला, "घाबरू नका साहेब, सोनं पाण्यात खराब होत नाय." लायटर अर्थात झाला.

गवत त्याला हुंगून कळे, चावून कळे, आणि माझा तर असा समज आहे की गाडी किन्हवलीच्या वळणावर असतानाच बैलांच्या चालीवरून कळे. सिद्धगडच्या उतरणीवरचं गवत कुठलं, माहुलीच्या पायथ्याचं कुठलं, ओढ्याकाठचं कुठलं आणि कोणत्या गाडीवानानं ते वाटेत पाणी शिंपडून जड केलं, हे तो काडी दातांत धरून सांगे. आमचं गवत मुंबईच्या तबेल्यांना जाई. ज्या म्हशी आपलं गवत खातात त्यांचं एकदा तोंड बघावं, असं त्याच्या मनानं घेतलं, आणि एका मोसमात मालाच्या डब्याबरोबर तो खरोखरच मुंबईला गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी परत हजर. मी विचारलं, कशी काय वाटली मुंबई? "म्हशी सुखात हायेत," तो म्हणाला. "माणसांचं काय सांगता येत नाय."

घरीही तीच तऱ्हा. मुकादमीण सांगायची की हा बाबा भाकरी आधी हुंगतो, मग मधोमध बोट खुपसून बघतो, मग खातो. जावई बघायला गेला तेव्हा मुलाचं घर बघितलं नाही, भांडी बघितली नाहीत, गोठ्यावरची पेंढ्याची उडवी बघितली. ती शेंड्याला नीट निमुळती रचलेली दिसली, पाणी आत मुरणार नाही अशी, तेवढ्यावर मुलगी देऊन टाकली. तो जावई माणूस म्हणूनही चांगला निघाला, हा मुकादमाच्या मते योगायोग नव्हता.

आता हे गवत म्हणजे काय होतं, ते सांगायला हवं. भात कापून झालं, दिवाळी सरली, की गावच्या शेतकऱ्याला चार महिने निवांतपणा. पण ज्यांच्या नावावर वाफाभरही जमीन नाही अशा वाड्यांचा खरा हंगाम तेव्हा सुरू होई. विळे घेऊन घरंच्या घरं डोंगरावर चढत. गवत कापायचं, वाळवायचं, पेंढ्या बांधायच्या, गाड्या भरायच्या, वखारीत प्रेसवर दाबून गाठी करायच्या. मुकादमाच्या वाडीतलं झाडून प्रत्येक घर या चार महिन्यांवर उभं होतं. नंतर मोहाची फुलं, नंतर रस्त्याची खडी, नंतर पाऊस आणि कंदमुळं. वाडीतलं पेंढ्या बांधायचं काम म्हाताऱ्यांना आणि विधवांनाच मिळेल, असा मुकादमाचा कायदा होता. धडधाकट माणूस पेंढी बांधताना दिसला तर तो त्याला आजी म्हणून हाक मारी. तोवर गावातली शिकलेली पोरं कल्याणला नोकऱ्या शोधू लागली होती. खाकी पँट, पास, हातात डबा. आपण नोकरदार आणि हे गवतकापे, असा त्यांच्या चालण्यात भाव असे. मुकादम त्यांना रस्त्यात अडवून विचारी, "मालक कोण रे तुझा?" पोरगा कंपनीचं नाव सांगे. "पाहिलास का कधी?" नाही, असं पोरगा म्हणे. "मग आमची नोकरी बरी. आमचा मालक घरातनं दिसतो," आणि सिद्धगडाच्या दिशेनं विडी वर करी.

शेठला तो जुमानत नसे. एका वर्षी भाव पडला, तेव्हा गाठींच्या पोटात एकेक धोंडा घालावा अशी सूचना वरून आली. मुकादमानं काही वाद घातला नाही. तो प्रेसच्या पेटीत उतरला, गवतावर मांडी घालून बसला आणि वरच्या माणसांना म्हणाला, "दाबा. धोंड्यापेक्षा माझं वजन जास्त हाय. शेठचा फायदा होईल." तासभर प्रेस बंद. शेठ हसला, मग ओरडला, मग घरी गेला. धोंडे पुन्हा निघाले नाहीत. त्या दिवशी मी मनात म्हटलं होतं, असं एकदा तरी आपल्याला जमलं पाहिजे. जमण्याची वेळ आली तेव्हा काय केलं, ते आता सांगतो. हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

पौषात मुरबाडजवळ म्हशाची जत्रा भरते, गुरांचा मोठा बाजार. मुकादम दर वर्षी जाई. बैल कधी घेतला नाही, घेण्याची ऐपतही नव्हती. दोन दिवस लोकांच्या बैलांचे दात बघून, नाकं मुरडून परत येई. त्या वर्षी मात्र जत्रेहून तो पुढे लेकीकडे गेला. तिला मुलगा झाला होता, आणि आजोबांचा मुक्काम तीन आठवडे लांबला. तो जत्रेला निघाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी अवकाळी सर आली. फार नाही, तासभर. आवारात उघड्यावर रचलेलं गवत भिजलं. वर ऊन पडलं की वरचा थर वाळतो, आतला नाही. आणि नेमके तेव्हाच स्टेशनात मालाचे डबे लागले. डबे मिळणं हे त्या धंद्यातलं भाग्य. भरले नाहीत तर पुन्हा आपली पाळी कधी येईल ते देव जाणे. शेठनं निरोप पाठवला की दोन दिवसांत माल गेला पाहिजे, गवत कसं आहे ते तुम्ही बघून घ्या.

मी बघितलं. सर्वांत आधी मला हेच कबूल करायचं आहे. मी अजाण नव्हतो. मी बाही वर केली आणि हात कोपरापर्यंत आत घातला. टोचलं नाही. आत मऊ होतं, गार होतं, जनावराच्या नाकासारखं. मी हात बाहेर काढला, धोतराला पुसला आणि प्रेसवरच्या माणसांना म्हणालो, चालू करा. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. एक जण म्हणाला, मुकादमाला येऊ द्या की. मी म्हणालो, इथं मुकादम कोण आहे आणि कारकून कोण आहे? हे वाक्य मी बोललो. आजही अंघोळ करताना, जेवताना ते मध्येच आठवतं आणि घास तोंडात फिरतो.

डबे भरून गेले. वीस-पंचवीस गाठी उरल्या त्या मागच्या बाजूला थप्पीला लावल्या, त्यांच्यावर नवीन सुक्या गाठी चढल्या, आणि मी त्या विसरलो. ओलं गवत दाबून ठेवलं की ते आतल्या आत तापतं. दिसत काही नाही. दिवसेंदिवस तापत राहतं, पोटात काळं पडतं, आणि एक दिवस आपलं आपण पेटतं. हे मुकादमानं मला शंभर वेळा सांगितलं होतं.

तो परत आला तो भर दुपारी. अंगात नवी बंडी, ओठात विडी. आत आल्याबरोबर थबकला, नाक वर केलं. विडी डावीकडे सरकली. मलाही तो वास दोन दिवस येत होता, गुळाचा पाक करपल्यासारखा, पण मी चहावाल्याच्या नावानं खपवला होता. मुकादम धावत मागे गेला आणि वरच्या गाठी ओढून खाली टाकू लागला, ओरडून माणसांना बोलावू लागला. खालची थप्पी उघडी पडली, आत वारा शिरला, आणि भपकन ज्वाळा निघाली. सगळ्यांनी धावत येऊन पाहिलं ते एवढंच: गंजी पेटलेली, तिच्यावर मुकादम, आणि मुकादमाच्या तोंडात विडी.

संध्याकाळपर्यंत वखारीचा मागला भाग राख झाला. माणूस कोणी दगावला नाही, मुकादमाचे दोन्ही हात मात्र कोपरापर्यंत भाजले. पंचनामा झाला. त्यात विडी आली. काडेपेटी आली नाही, कारण ती नव्हतीच, आणि ती का नाही असं कोणी विचारलं नाही. मला विचारलं, याच्या तोंडात विडी होती का? मी म्हणालो, होती. एवढंच. खोटं एक अक्षरही बोललो नाही, म्हणूनच ते इतकी वर्षं पचलं.

मुकादमाला विचारलं, विडी कोणाची? तो म्हणाला, माझी. पेटवली होती का? "या जागेत मी जन्मात पेटवली नाय." मग आग कशानं लागली? भाजलेले हात केळीच्या पानावर ठेवून बसला होता. त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं आणि मान फिरवली. शेठ म्हणाला, जाऊ दे, सगळ्यांपुढे हात जोड, चूक झाली म्हण, मी तक्रार मागे घेतो. मुकादम म्हणाला, "हात भाजल्यात शेठ. जोडता येत नाय." बरे झाल्यावरही त्यानं ते जोडले नाहीत. शेठनं तक्रार पुढे रेटली नाही, कारण पुरावा नव्हता. पण त्या वाडीतल्या माणसाला वखारीत पाय ठेवू द्यायचा नाही, असं फर्मान काढलं.

पुढच्या मोसमात मुकादमानं वखारीसमोर, रस्त्यापलीकडच्या उंबराखाली बैठक मारली. ओठात विडी. येणारी प्रत्येक गाडी थांबवी, भाजल्यानं सुरकुतलेला हात गवतात घाली आणि मोठ्यानं निकाल सांगे: "सुकं", "ओलं", "वरून सुकं, आतनं लबाड". गाडीवान त्याच्यापाशी आधी थांबत आणि मग माझ्यापाशी येत. मी सुकं म्हटलेलं गवत त्यानं ओलं म्हटलं, तर गाडीवान आपणहून गाडी परत फिरवी. शेठनं पोलीस बोलावले. मुकादम त्यांना म्हणाला, "रस्ता सरकारचा, हात माझा. यात शेठचं काय गेलं?" पोलिसांनाही ते पटलं असावं, कारण त्यांनी त्याच्याकडे एक विडी मागितली. अख्खा हिवाळा त्यानं बिनपगारी ती नोकरी केली, आणि त्या हिवाळ्यात आमच्या वखारीतून एकही ओली गाठ गेली नाही.

पण एका माणसाच्या ताठ मानेवर वाडी जगत नाही. दिवाळी झाली की दारांना काटेरी फांद्या लावून माणसं वीटभट्ट्यांवर जाऊ लागली, भिवंडीकडे, कल्याणकडे, पोराबाळांसकट. जी डोंगरावरून संध्याकाळी घरी येत ती आता पावसाच्या तोंडावर घरी येऊ लागली. पेंढ्या बांधणाऱ्या म्हाताऱ्या तेवढ्या मागे राहिल्या. मी रस्त्यानं जाताना ती बंद दारं मोजत नसे. दुसरीकडे बघत असे. वखारीलाही कापणारे मिळेनात, लॉरीवाले परभारे माल उचलू लागले, आणि धंदा बसत चालला. तेवढ्यात वाशिंदच्या बाजूला पुठ्ठ्याचा एक कारखाना उभा राहिला. भाताच्या पेंढ्यापासून पुठ्ठा करायचा. मी अर्ज केला आणि टाइम ऑफिसात लागलो. अक्षर वळणदार होतंच.

कारखान्यात भरती सुरू झाली तेव्हा मॅनेजर साहेबांनी गावांची यादी माझ्यापुढे ठेवली. त्या वाडीच्या नावावर त्यांनी बोट ठेवलं. म्हणाले, आवारात सगळीकडे पेंढा, आणि ही वाडी आग लावणारी, असं मी ऐकलंय; तुम्ही तर त्याच वखारीत होतात, खरं का? मी म्हणालो, लोक तसं म्हणतात साहेब. त्यांनी रेघ मारली. लेखणी माझीच होती, त्यांची सापडत नव्हती म्हणून मी दिली होती.

आठवड्याभरानं गेटवर अकरा तरुण आले. धुतलेले शर्ट, तेल लावलेले केस, आणि सर्वांत पुढे मुकादम. वॉचमननं यादी बघून हात हलवला. पोरं मुकादमाकडे बघू लागली. तो माझ्या खिडकीशी आला. मला वाटलं, आता बोलणार. तो म्हणाला, "भाऊसाहेब, टाइम काय झाला?" मी म्हणालो, साडेदहा. "बराच झाला," तो म्हणाला, आणि पोरांना घेऊन परत गेला.

त्या रविवारी मी वाडीवर गेलो. आयुष्यात पहिल्यांदा. मुकादम अंगणात बसून पेंढ्याची उडवी रचत होता. मुकादमिणीनं मला बसायला घोंगडी दिली. मी उभाच राहिलो आणि घोकून आणलेलं सगळं एका दमात बोललो, ती अवकाळी सर, डबे, गाठी, आणि बोलता बोलता माझ्या तोंडून पहिल्यांदाच त्याच्यासाठी 'तुम्ही' निघालं. तो शेवटपर्यंत पेंढ्या लावत राहिला. मग त्यानं माझं मनगट धरलं आणि माझा हात त्या उडवीत कोपरापर्यंत घातला.

"त्या दिवशी घातला व्हतास असा?"

"हो."

"टोचलं?"

"नाही."

"मग हाक का नाय मारलीस?"

मुकादमीण चुलीपाशी बसून म्हणाली, "लेकीचं गाव काय विलायतेत हाय? गाडीवानाच्या हाती निरोप आला असता तर हा वाटेत पाणीसुदा प्यायला नसता."

मी विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं, मग पंचनाम्यात बोलला का नाहीत? मला वाटलं होतं, तो म्हणेल तुझी दया आली. त्यानं विडी तोंडातून काढली, हे फार क्वचित घडे.

"काय बोलू? माझ्या वखारीत ओलं गवत दाबलं, म्हणू? नऊ वर्षं याला शिकवला आणि यानं ओलं दाबलं, असं चारचौघांत सांगू? विडीचं कोणी खरं मानलं नाय रे. ज्याला माझी विडी ठाऊक हाय तो हसला असंल. पण ओल्या गवताचं सगळ्यांनी मानलं असतं. त्यापरीस आग लावणारा बरा."

इतकी वर्षं मी ज्याला त्याचा मोठेपणा समजत होतो, तो त्याचा अहंकार होता, निव्वळ कारागिराचा अहंकार, आणि त्यापायी त्यानं स्वतःला आणि वाडीला पणाला लावलं होतं. मुकादमीण त्याला फडाफडा बोलली. तुझ्या गवताची अब्रू राहिली आणि माझी सून भट्टीवर बाळंत झाली, असं म्हणाली. तो पहिल्यांदाच खाली बघत बसला. मग म्हणाला, "सांग जा साहेबाला. पण कागदावर सांग, आणि मी सांगतो तसं लिही."

मी तिथंच घोंगडीवर बसून लिहिलं. पहिली ओळ त्याच्या हुकमानं अशी होती: 'मुकादम त्या दिवशी म्हशाला गेला होता.' मग माझी चूक. मग पुन्हा, 'मुकादम हजर असता तर असे गवत दाबले गेले नसते.' आणि शेवटी, मी सही करायच्या बेतात असताना, 'मुकादम तीन आठवडे हजर नव्हता' हे त्यानं तिसऱ्यांदा घालायला लावलं.

सोमवारी तो कागद मी साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, तुमच्यासारख्या माणसाच्या हातात मी हजेरी ठेवली होती? माझी बदली पेंढ्याच्या आवारात झाली. पगार उतरला. घरी मी कारण वेगळं सांगितलं. पण वाडीच्या नावावरची रेघ गेली. अकरापैकी सात पोरं त्या पावसाळ्याआधी लागली, बाकीची पुढच्या वर्षी, आणि दोन-तीन दारांवरच्या काटेरी फांद्या दिवाळीनंतरही निघालेल्या राहिल्या. काहींनी तोवर भट्टीचीच वाट धरली होती. ती परत आली नाहीत.

साहेबांनी मुकादमालाही बोलावलं, पेंढा पारखायला. खरा पगार, खरी नेमणूक. तो सकाळी आला, दारात वॉचमनचेच खिसे चाचपले, दोन गाड्यांत हात घातला, एक परत पाठवली. सगळे खूश. मग जेवणाच्या सुट्टीआधी कोणी तरी त्याला कारखाना दाखवायला आत नेलं. पुठ्ठा करायचा तर पेंढा आधी मोठमोठ्या हौदांत चुन्याच्या पाण्यात भिजवावा लागतो. मुकादम हौदाच्या काठाशी उभा राहिला. त्यानं निवडलेला सुका, सोन्यासारखा पेंढा वरून पाण्यात पडत होता. विडी सरळ उभी राहिली. "मुद्दाम?" त्यानं मला विचारलं. मी म्हणालो, हो, मुद्दाम. त्यानं डोक्याचं फडकं झटकलं, गेटवर गेला आणि कार्ड वॉचमनच्या हातात देऊन घरची वाट धरली. साहेबांनी दोनदा निरोप पाठवला. आपण जन्मभर जे वाचवलं ते बुडवण्याचा पगार घेणार नाही, असं त्यानं कळवलं. त्याच्या मुलानं पुढं त्या हौदावर तीस दिवसांचा बोनस घेतला, ते त्याला चाललं. "त्याचं पोट हाय, माझं नाक हाय," असं त्याचं म्हणणं.

माझा कागद साहेबांच्या फायलीत गेला, आणि शहापूरच्या बाजारात ती गोष्ट अजूनही विडीचीच म्हणून सांगतात. परवा एका हॉटेलात एकानं ती माझ्यासमोर हसत हसत सांगितली. म्हणून हे लिहिलं. ज्यांना आता माझ्याशी बोलायचं नसेल त्यांनी बोलू नये. पण ती आग ओल्या गवताची होती, ते मी दाबलं होतं, आणि मुकादम त्या दिवशी म्हशाला गेला होता.

त्याला मी शेवटचा भेटलो तो वखारीतच. सत्तर साल जवळ आलं होतं. धंदा केव्हाच बुडाला होता. प्रेस भंगारात निघाला आणि तो उचलायला लॉरी आली, तेव्हा बातमी लागून मी गेलो, तर हा आधीच येऊन उभा. प्रेस गेला. आवार रिकामं झालं. जमिनीवर गवताची काडीही उरली नव्हती, नुसती भुई आणि पत्र्यातून पडलेली उन्हं. आम्ही दोघंच होतो. मुकादम फार थकला होता. त्यानं चारी बाजूंना बघितलं, नाक वर करून एकदा वास घेतला, आणि ओठातली विडी चाचपली.

"आता काय जळायचं राहिलं हितं," तो म्हणाला. "आण, काडेपेटी दे."

मी खिसे चाचपले. एक, दुसरा, शर्टाचा. त्यानं नऊ वर्षं घालून दिलेली शिस्त. वखार सुटली तरी काडेपेटी बाळगायची सवय मला लागली नव्हती. मी नाही म्हणून मान हलवली. त्यानं आपल्या कंबरेची पिशवी उलटी करून दाखवली. तीही रिकामीच.

तो हसला. "शिकलास की रे," म्हणाला, आणि विडी कानावर ठेवून रस्त्याकडे चालू लागला.